झोपेत गेला नाही

ढेमश्या झोपेत गेला, असं पद्मिनीनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. भाजीवाल्याला सांगितलं, पिठाच्या गिरणीवाल्याला सांगितलं, देवळात भेटणाऱ्या बायकांना सांगितलं. गोंदियाच्या बहिणीला तर दोनदा सांगितलं. "पुण्यवान होता व माहा पोट्टा. कोणाले त्रास दिला नाही. झोपला तो उठलाच नाही." ऐकणारं माणूस मान हलवायचं आणि म्हणायचं, असं मरण माणसालाही मिळत नाही. मग पद्मिनीला रडू यायचं, पण त्या रडण्यात थोडा अभिमानही असायचा.

आणि एका सकाळी समोरच्या घरातली मीरा आपल्या झाडाच्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा घेऊन आली. मीरा तिथलीच, छत्तीसगढी. पद्मिनी रायपूरच्या गुढियारीत राहायला आली तेव्हापासूनची शेजारीण. शेंगा पायरीवर ठेवून ती पद्मिनीजवळ बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बने करेव दीदी, सूजी देवा देव. नइ तो अउ तड़पतिस बपुरा."

चांगलं केलं, सुई देवविली. नाहीतर अजून तडफडला असता बिचारा. इतक्या वर्षांत पद्मिनीला छत्तीसगढी नीट कळायला लागली होती. तरी तिनं विचारलं, "कौन सी सूजी?"

"वही, डॉक्टरनी वाली. सफेद गाड़ी में आई थी न. भैया परछी में उसको गोदी में लेके बैठे थे..." मीरानं पद्मिनीचा चेहरा पाहिला आणि ती मध्येच थांबली. "आपको तो मालूम होगा, दीदी."

"हव," पद्मिनी म्हणाली. "मालूम है."

मीरा गेली. पद्मिनी रिकाम्या ओसरीकडे पाहत पायरीवरच बसून राहिली.

ढेमश्याला पद्मिनीच्या नवऱ्यानं, शालिग्रामनं आणलं होतं. शालिग्राम निखाडे तेव्हा मालगाडीवर गार्ड होता. मालधक्क्यावर पोत्यांच्या मागे सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू तो जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आला, आणि पिशवीतून बाहेर निघालं ते इतकं गोल आणि गुबगुबीत होतं की पद्मिनी म्हणाली, "हे काय जी, ढेमस आणलं का?" नाव तेच पडलं. मुलगा गौतम तेव्हा शाळेत होता. तो शिकला, नवा रायपूरला नोकरीला लागला, तिकडेच फ्लॅट घेऊन राहू लागला. शालिग्राम रिटायर झाला. ढेमश्या म्हातारा झाला.

शेवटची दोन वर्षं वाईट होती. मागचे पाय गेले. पोटाखालून टॉवेल घालून त्याला उचलावं लागायचं, तेव्हा तो बाहेर जायचा. एका डोळ्यानं दिसेना, दुसऱ्यानं धूसर दिसायचं. मूत्रपिंडं गेली म्हणून डॉक्टरनं मीठ बंद केलं, तेल बंद केलं. पद्मिनी दहीभात कालवून बोटानं त्याच्या जिभेवर ठेवायची. तो गिळेपर्यंत थांबायची, मग दुसरा घास. एका जेवणाला तासभर लागायचा. गोंदियाला भाचीचं लग्न निघालं तेव्हा तिनं बहिणीला सरळ सांगितलं होतं, मी येत नाही. पण शालिग्राम ऐकेना. "सख्ख्या बहिणीच्या पोरीचं लग्न आहे. तू जा. मी आहे ना." त्यानंच तिकीट काढलं, त्यानंच गाडीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

ती परत आली तेव्हा तो प्लॅटफॉर्मवर उभा होता. तिची बॅग हातात घेऊन त्यानं सांगितलं, "ढेमश्या गेला. झोपेतच." ती तिथंच बाकावर बसली आणि रडली. माझी वाट पाहायची होती जराशी, असं काहीतरी बोलली. तो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. शहराबाहेर उरला गावात, जुना दोस्त नीलकंठच्या प्लॉटवर पुरला, असं त्यानं सांगितलं. मला आत्ता घेऊन चला, ती म्हणाली. ऊन आहे, मग जाऊ, तो म्हणाला.

हे सगळं पद्मिनीनं पायरीवर बसून पुन्हा पाहिलं. तिकीट, बाटली, बाक, पाठीवरचा हात. शालिग्राम रोजच्यासारखा पेन्शनवाल्यांच्या बैठकीला गेला होता. तो येईपर्यंत वाट पाहणं तिच्यानं होणार नव्हतं. तिनं दाराला कडी घातली, ई-रिक्षा थांबवली आणि अंडरब्रिजखालून पलीकडे, जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर स्वरदा मूळची सांगलीची. नवऱ्याची बदली रायपूरला झाली म्हणून इकडे आलेली, तिशीतली मुलगी. आपल्याशी मराठीत बोलणारी डॉक्टर मिळाली म्हणून पद्मिनीला तिचं फार कौतुक होतं. संक्रांतीला तिळगूळही नेऊन दिला होता.

"काकू! या, बसा. मी येणारच होते तुम्हाला भेटायला."

"बसायले नाही आली मी," पद्मिनी म्हणाली. दवाखान्यात एक बाई पामेरियन मांडीवर घेऊन बसली होती, तिनं चमकून वर पाहिलं. "माहा कुत्रा तुम्ही मारला, अन् मले विचारलं काहून नाही?"

स्वरदा उठून उभी राहिली. "काकू, आत चला."

"नाही. इथंच सांगा."

"काकांनी सांगितलं की तुमचं दोघांचं ठरलं आहे." स्वरदा हळू आवाजात बोलत होती, पण तिचाही चेहरा उतरला होता. "मी त्यांना विचारलं, काकूंना फोन लावू का? ते म्हणाले, नको. म्हणाले, तिच्याच्यानं पाहवणार नाही, म्हणून ती मुद्दाम गोंदियाला गेली आहे."

पद्मिनीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मी? मी मुद्दाम गेली?"

"तसं म्हणाले ते."

"म्हणजे मी पळाली? त्याले मरताना टाकून मी पळाली?"

स्वरदानं खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "मला खोटं सांगितलं त्यांनी. मला हे माहीत असतं, तर मी तुम्ही येईपर्यंत थांबले असते. हे मला अजिबात आवडलेलं नाही, काकू." आणि जरा थांबून, "पण वेळ आली होती. एवढं मी तुम्हाला खरं सांगते."

"वेळ आली होती हे मले कोणी सांगायची गरज नाही!" पद्मिनीचा आवाज असा चढला की पामेरियन भुंकायला लागलं. "मी काय आंधळी आहे? रोज त्याच्या तोंडात घास कोण घालत होतं? मले माहीत होतं. सगळ्यांच्या आधी मले माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर विचारायले पाहिजे होतं ना मले!"

बाहेर येऊन तिनं दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच गौतमला फोन लावला.

"तुले माहीत होतं का?"

गौतमला मराठी सगळी कळते, पण तो लहानपणापासून उत्तर हिंदीतच देतो. "मम्मी, मैं मीटिंग में हूँ. क्या हुआ?"

"ढेमश्याले सुई दिली, तुले माहीत होतं का?"

मागे कोणीतरी हसल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा. "गाड़ी तो मैं ही लेके आया था. उरला तक कौन ले जाता? मम्मी, पापा ने बोला आपको बाद में बताएँगे आराम से. आपको तकलीफ न हो इसलिए..."

"मराठीत बोल."

"क्या?"

"आईशी खोटं बोलला न तू? आता निदान मराठीत बोल. मले कळू दे माह्या पोराचा आवाज कसा आहे तो."

"आई," तो म्हणाला. पुढे त्याला शब्द सापडेनात. "आई, ते... मला पण रडू आला होता."

"आलं होतं," पद्मिनी म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

शालिग्राम दुपारी घरी आला तेव्हा गॅस पेटला नव्हता. मुनग्याच्या शेंगा पायरीवर तशाच पडल्या होत्या. पद्मिनी खुर्ची मधोमध ठेवून बसली होती.

"बसा. अन् सांगा, ढेमश्या कसा गेला."

"सांगतलं ना. झोपेत."

"पुन्हा सांगा."

"आता पुन्हा काय सांगू..."

"मी स्वरदा मॅडमकडून येऊन राहिली."

शालिग्रामनं डोक्याचा गमछा काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला. मग समोरच्या दिवाणावर बसला.

"मी पळाली होती?" पद्मिनीनं विचारलं.

"तसं सांगावं लागलं. नाहीतर ती डॉक्टरीण हात लावत नव्हती."

"मले गोंदियाले कायले पाठवलं तुम्ही? लग्नासाठी, का यासाठी?"

नाही म्हणेल, असं तिला वाटलं होतं. नाही म्हटल्यावर काय काय बोलायचं ते तिनं रिक्षातच तयार केलं होतं.

"यासाठी," शालिग्राम म्हणाला.

तिचे तयार शब्द सगळे वाया गेले. ती नुसती पाहत राहिली. तोच बोलायला लागला. "तू त्याले दिवसा पाहत होती, पद्मिनी. तू गोळी घेऊन झोपते. रात्री मी पाहत होतो. तो दोन-दोन तास कण्हायचा. भिंतीले डोकं लावून उभा राहायले जायचा अन् पडायचा. मी त्याचं तोंड धरून बसायचो, तू उठू नये म्हणून."

"मग उठवायचं होतं मले."

"उठवून काय केलं असतं?"

"बसली असती. रडली असती. दोघं बसलो असतो." ती खुर्चीच्या कडेवर आली. "माहीत तर असतं मले! दिवसा मी त्याले घास देऊन राहिली, 'आज बरा खाल्ला' म्हणून खूश होऊन राहिली, अन् तुम्ही मले पाहून राहिले! येडी समजून पाहून राहिले!"

"येडी नाही समजलो."

"माह्या आईच्या वेळी काय केलं होतं?" शालिग्रामनं मान खाली घातली. हे येणार हे त्याला कळलं होतं. "तब्येत जरा नरम आहे, आर्वीले जाऊन येऊ, असं सांगतलं मले. मी गाडीत पुऱ्या खाल्ल्या. बाजूच्या बाईसोबत हसत, बोलत गेली. दारात माणसं पाहिली तेव्हा मले कळलं. आई तिकडे पडून होती अन् मी पुऱ्या खाऊन राहिली होती! ते मी आजवर विसरली नाही. अन् आता? तुम्ही इकडे त्याले सुई देऊन राहिले अन् मी तिकडे हळदीत नाचून राहिली. सगळ्यांनी मोबाईलमध्ये घेतलं. अजून पाठवून राहिले मले ते पोट्टे. मावशी काय नाचली, मावशी काय नाचली!"

"तुले त्रास होऊ नये म्हणून केलं."

"तो माहा त्रास होता! तुम्ही काहून घेतला?"

तो उठला, पायरीवरच्या शेंगा आत आणल्या आणि त्या कुठे ठेवाव्या हे न कळून हातात धरून उभा राहिला.

"उद्या मी अंथरुणाले खिळली," ती म्हणाली, "तर मलेही असंच गुपचूप उरकान का?"

"काहीही बोलते तू."

"काहीही नाही. विचारून राहिली. तुम्ही नाही विचारलं, मी विचारून राहिली."

त्या दिवसापासून पद्मिनीनं एक काम सुरू केलं. ज्याला ज्याला तिनं ढेमश्या झोपेत गेला असं सांगितलं होतं, त्या प्रत्येकाकडे ती पुन्हा गेली. भाजीवाल्याच्या गाडीजवळ उभी राहून म्हणाली, "भैया, मैंने उस दिन गलत बताया था. नींद में नहीं गया. सुई लगवाई इन्होंने. मुझसे पूछे बिना." गिरणीवाल्याला सांगितलं. देवळातल्या बायकांना, आरती संपल्यावर, एकेकीला गाठून सांगितलं. गोंदियाला फोन केला. बहीण म्हणाली, "जाऊ दे न आता. गेला तो गेला." पद्मिनी म्हणाली, "गेला ते ठीक आहे. कसा गेला हे खोटं काहून सांगू मी? माह्या तोंडातून खोटं वदवलं यांनी."

गल्लीत दोन पक्ष पडले. मुक्या जिवाची सुटका केली, असं काही म्हणाले. विचारायला पाहिजे होतं, असं काही म्हणाले. त्यात बायका जास्त होत्या. एका म्हाताऱ्यानं तर शालिग्रामला रस्त्यात थांबवून विचारलं की सुईनं खरंच दुखत नाही का, आणि ती माणसांना का देत नाहीत. शालिग्राम सगळ्यांसमोरून खाली मान घालून जायचा. घरी आल्यावर कधी म्हणाला नाही, हे काय चालवलंस. पद्मिनी स्वयंपाक करायची, ताट वाढायची, आणि स्वतःचं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. ओसरीत ढेमश्याच्या पाण्याचं भांडं होतं तिथंच होतं. ते दोघांपैकी कोणी उचललं नाही.

कोपऱ्यावर भार्गवचं किराणा दुकान आहे. पद्मिनी साखर घ्यायला गेली, तेव्हा भार्गव गिऱ्हाइकाशी बोलत होता आणि त्याची पाठ तिच्याकडे होती. "अरे, दवाई का खर्चा बचा लिया निखाड़े जी ने. बुड्ढा बड़ा पक्का है. रोज-रोज की झंझट, एक सुई में खतम." गिऱ्हाईक हसलं.

"भार्गव भैया," पद्मिनी म्हणाली. "ज़रा इधर देखो."

भार्गव वळला. त्याच्या हातातला साखरेचा डाव तसाच राहिला.

"उस आदमी ने उस कुत्ते का गू-मूत अपने हाथ से साफ किया है. दो साल. रात-रात भर उसका सिर गोदी में लेके बैठा है. तुम किसके लिए बैठे हो एक रात भी, बताओ?"

"दीदी, मैं तो मज़ाक में... आप ही तो सबको बोल रही थीं."

"मैं बोलूँगी. मैं सौ बार बोलूँगी. मेरा कुत्ता था, मेरा आदमी है, झगड़ा मेरा है. तुम बीच में अपना तराजू मत रखो." तिनं रिकामी पिशवी काखेत मारली. "और शक्कर नहीं चाहिए मेरे को."

साखर न घेताच ती परत आली. वाटेत तिला शालिग्रामचाच पुन्हा राग आला. याच्यामुळे मला त्या भार्गवसमोर याची बाजू घ्यावी लागली, हा कुठला न्याय?

पण शेजाऱ्यांकडून ती गोष्ट तिच्याआधीच शालिग्रामपर्यंत पोचली होती. ती घरात आली तेव्हा शालिग्राम स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होता. "साखर नाही," ती म्हणाली. "गूळ टाका." त्यानं गूळ टाकला. चहा फाटला. दोघांनी तसाच फाटलेला चहा घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्याच खोलीत बसली.

"सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशीचं सगळं. पहिल्यापासून. काही लपवायचं नाही. मले तिथं असू दिलं नाही, तर आता ऐकू तरी द्या."

शालिग्रामनं कप खाली ठेवला. "सकाळी त्याले ओल्या फडक्यानं पुसला. तुही पद्धत आहे तसा. आधी कान, मग पाय. दहीभात केला. खाल्ला नाही. तोंड फिरवलं त्यानं. म्हटलं, आता आजच्या दिवशी उपाशी कसा पाठवायचा याले? मग स्टेशनजवळ तो नागपूरवाला बसते ना, त्याच्याकडून सांभारवडी आणली."

"काय आणलं?"

"सांभारवडी."

"सांभारवडी दिली त्याले?" पद्मिनी ताडकन उठली. "तेलात तळलेली? तिखट कोथिंबीर भरलेली? मी वर्षभर त्याले मिठाचा कण लागू दिला नाही, अन् तुम्ही सांभारवडी चारली!"

"पद्मिनी, अव, त्या दिवशी काय फरक पडत होता..."

"मूत्रपिंडाले किती..." ती बोलता बोलता थांबली. मग बसली. जरा वेळानं तिनं विचारलं, "खाल्ली?"

"एक पूर्ण. दुसरी अर्धी."

"दात कुठं होते त्याले?"

"वरचं मी काढलं. आतलं सारण बोटानं दिलं. बोट चाटून चाटून खाल्लं. उरलेली मी खाल्ली."

पद्मिनीच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कशाचा हे तिलाही सांगता आलं नसतं. तिनं तोंडावर हात दाबून धरला, आणि बऱ्याच वेळानं तो काढला.

"मले शोधलं का त्यानं?"

शालिग्राम खिडकीकडे पाहायला लागला.

"खरं सांगा. आता खोटं बोललात तर मी तुमच्याशी जन्मभर बोलणार नाही."

"डॉक्टरीण आली," तो म्हणाला. "गौतम गाडीपाशीच थांबला होता, त्याले पाहवत नव्हतं. ती ओसरीत येऊन बसली अन् म्हणाली, 'ये रे राजा, ये बाळा.' आता या गल्लीत बाईमाणसाच्या तोंडून मराठी ऐकलं, तर ते तुह्याच. दुसरं कोण बोलते? त्याले नीट दिसत तर नव्हतं. त्याले वाटलं तूच आली." शालिग्राम अजून खिडकीकडेच पाहत होता. "शेपटी हलवली त्यानं. किती महिन्यांनी हलवली. मान उचलून तिचा हात हुंगला. मग... मग ती तू नव्हती हे कळलं का नाही, मले माहीत नाही. झोपायची सुई आधी देतात. ती लगेच लागली."

चहाच्या कपावर माशी येऊन बसली. कोणी हाकलली नाही.

"म्हणजे मी तिथं असायले पाहिजे होतं," पद्मिनी म्हणाली.

"हो."

"मग?"

"असायले पाहिजे होतं तू. चुकलं माहं."

तिला बरं वाटेल, असं त्याला वाटलं असावं. तिला बरं वाटलं नाही. पण इतके दिवस एकटीनंच दार ठोठावल्यासारखं होत होतं, तसं आता होत नव्हतं. ती खूप वेळ रडली. तोही रडला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे केला, तेव्हा तिनं तो बाजूला केला.

"आता नाही," ती म्हणाली. "उद्या मले उरल्याले न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्कूटीवरून निघाले. उरल्याच्या रस्त्यावर सळ्या भरलेल्या ट्रकांची रांग होती. रोलिंग मिलची काळी धूळ तोंडात जात होती. शालिग्रामबरोबर रेल्वेत असलेल्या नीलकंठनं तिकडे स्वस्तात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. मागच्या भिंतीच्या कडेला मोकळी जागा होती. तिथं मातीचा छोटा उंचवटा होता, आणि मोकाट कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर फरशीचे तुकडे रचले होते. भिंतीपलीकडे ट्रक वळत होते.

"इथं?" पद्मिनी म्हणाली. "या धुळीत? या आवाजात?"

"दुसरी जागा कुठं होती? आपल्या घराले तर हातभर माती नाही. महापालिकेच्या गाडीत टाकू देऊ का त्याले?"

"तसं नाही म्हटलं मी."

ती उंचवट्याजवळ खाली बसली. गुडघे दुखत होते, तरी मांडी घालून बसली. फरशीच्या तुकड्यांवरची धूळ पदरानं पुसली. पुसली तिथं पुन्हा धूळ बसली. शालिग्राम हेल्मेट हातात धरून दूर उभा होता. नीलकंठ दारातून एकदा डोकावला आणि आत गेला.

"ढेमश्या," पद्मिनी म्हणाली, "मी पळाली नव्हती बरं. मले कोणी सांगतलंच नाही." पुढे तिला बोलता येईना. तिनं मान वर केली आणि शालिग्रामकडे पाहिलं. "तिथं काय उभे राहिले? इकडे या."

तो आला.

"तुम्ही सांगा त्याले."

"काय सांगू?"

"डॉक्टरणीले काय सांगतलं होतं? बायको पळाली म्हणून सांगतलं होतं ना, त्याच्यासमोर? त्याले मांडीवर घेऊन? ऐकलं असेल त्यानं. आता खरं काय ते सांगा."

शालिग्रामनं आजूबाजूला पाहिलं. मग तो तिच्या शेजारी उकिडवा बसला, घसा खाकरला आणि मातीकडे पाहून म्हणाला, "ढेमश्या, तुही माय पळाली नव्हती. मीच पाठवलं होतं तिले."

भिंतीपलीकडून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"मोठ्यानं," पद्मिनी म्हणाली. "काही ऐकू आलं नाही."

तो पुन्हा बोलला, या वेळी इतक्या मोठ्यानं की नीलकंठची बायको खिडकीत आली. बोलून झाल्यावर तो तसाच बसून राहिला, दोन्ही हात मातीवर ठेवून. पद्मिनीनं त्याच्या दंडाला धरलं आणि त्याच्या आधारानं उठली. मग हात सोडून त्यालाही उठायला सांगितलं, ऊन चढायला लागलं होतं.

"राग गेला का?" त्यानं कपडे झटकत विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण नीलकंठ भाऊजींकडे चहा घेऊ. त्यांच्याकडे साखर असेल."